गोंवराची वंशावळ

३ जून १९१२ रोजीं बर्लिनच्या शारिते रुग्णालयांत दोन वर्षांची एक मुलगी गोंवरानंतरच्या न्यूमोनियानें दगावली. डॉक्टरांनीं तिचें फुप्फुस फॉर्मॅलिनमध्यें जपून ठेवलें. २०२० मध्यें रॉबर्ट कॉख संस्थेच्या संशोधकांनीं त्यांतून गोंवराच्या विषाणूचा जनुकलेख वाचला! तोंपर्यंत सर्वांत जुना लेख १९५४ च्या विषाणूचा होता. आज साथ आली, कीं रोग्यांकडील विषाणूच्या अशाच लेखांतील ४५० अक्षरें ताडून तिचें घराणें ओळखतात. बर्लिनच्या लेखाच्या आधारें काळाचें गणित मांडतां मात्र त्या सबंध वंशाचेंच वय वाढलें. गुरांच्या बुळकांडीच्या विषाणूपासून तो इसवी सनापूर्वीं सहाव्या शतकाच्या सुमारासच वेगळा झाला असावा. पूर्वीचें अनुमान मध्ययुगाचें होतें. गोंवर टिकावयास कांहीं लाखांची वस्ती लागते, आणि तशीं नगरें त्याच सुमारास वाढूं लागलीं होतीं.