पहाटे गाडी सेल्फ घेत नाही? जुन्या डिझेल गाडीत दोष नेमका कुठे, ते असे ओळखा

निफाड, सिन्नर, येवल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो. नेमक्या त्याच दिवसांत पहाटे चारला मार्केटला माल न्यायचा असतो, दूध संकलनाची वेळ गाठायची असते, नाहीतर रात्री-अपरात्री पेशंट तालुक्याला हलवायचा असतो. आणि दारातली जुनी जीप, सुमो किंवा पिकअप चावी फिरवली तरी उठत नाही. मग धक्का, ट्रॅक्टरने ओढणं आणि शेवटी नवीन बॅटरीचा खर्च. पुष्कळदा बॅटरी चांगलीच असते. दोष असतो एखाद्या गंजलेल्या वायरीत किंवा जळलेल्या हीटर प्लगमध्ये. थोडं डोकं शांत ठेवून तपासलं तर तो घरच्या घरी सापडतो.

थंडीतच असं का होतं?

डिझेल इंजिनात ठिणगी देणारा प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा दाबली की ती तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटतं. त्यामुळे इंजिन वेगाने फिरणं गरजेचं असतं. थंडीत तीन गोष्टी एकदम उलट्या जातात. ऑइल घट्ट होऊन इंजिन जड फिरतं. बॅटरीचा जोर कमी होतो. शून्य अंशाच्या आसपास तर तो साधारण एक तृतीयांशाने घटतो. आणि सिलिंडरचा पत्रा गार असल्याने दाबलेल्या हवेची उष्णता तोच ओढून घेतो. उन्हाळ्यात झाकून गेलेला छोटा दोष म्हणूनच जानेवारीत बाहेर पडतो.

आधी आवाज ऐका, धूर बघा

गाडी न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा आणि चावी फिरवताना काय होतं ते लक्षात ठेवा.

• काहीच आवाज नाही, डॅशबोर्डचे दिवेही नाहीत: बॅटरीचं टर्मिनल सैल, मेन फ्यूज उडालेला किंवा बॅटरी पूर्ण बसलेली.

• दिवे आहेत, पण सेल्फचा आवाजच नाही: चावीच्या स्विचकडून सेल्फला जाणारी बारीक वायर, रिले किंवा स्विच खराब.

• एकदाच जोरात "टक": सेल्फचा सोलेनॉइड खेचतो, पण मोटर फिरत नाही. जाड वायरीचं कनेक्शन, सोलेनॉइडचे पॉइंट किंवा सेल्फचे कार्बन बघावे लागतील.

• "टकटकटक" असा सारखा आवाज: बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल खराब.

• सेल्फ रडत-रडत, हळू फिरतो: बॅटरी कमी, अर्थिंग खराब किंवा सेल्फ जाम.

• सेल्फ घुंर्र करून फिरतो, इंजिन जागचं हलत नाही: बेंडिक्स अडकलंय. सेल्फ उतरवावा लागेल.

• इंजिन जोरात फिरतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर आणि कच्च्या डिझेलचा वास येतो: डिझेल पोचतंय, पण पेटत नाही. हीटर प्लग तपासा.

• इंजिन जोरात फिरतं, धूर अजिबात नाही: डिझेलच पोचत नाही. पंपावरचा डिझेल बंद करणारा सोलेनॉइड किंवा लाइनमधली हवा बघा.

बॅटरी: बदलण्याआधी मोजा

साधा डिजिटल मल्टीमीटर घरात असावा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी, चावी फिरवायच्या आधी मोजा. 12.6 व्होल्ट म्हणजे फुल चार्ज, 12.2 म्हणजे साधारण निम्मी, 12 च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी.

मग दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा आणि मीटर बघा. आकडा 9.6 च्या खाली जात असेल तर बॅटरी एक तर उतरलेली आहे किंवा निकामी. आधी ती बाहेर काढून पूर्ण चार्ज करा आणि परत तपासा. चार्ज करूनही तेच झालं, तर मात्र बदलायची वेळ आली. पाण्याची बॅटरी असेल तर प्लेटा बुडतील इतकं डिस्टिल्ड वॉटर हवं. विहिरीचं-बोअरचं पाणी घालू नका, त्यातल्या क्षारांनी प्लेटा खराब होतात.

सगळ्यात फसवा दोष: अर्थिंग

बॅटरी 12.6 दाखवते, तरी सेल्फ हळू फिरतो. अशा वेळी बॅटरीच्या निगेटिव्हकडून चासी आणि इंजिनला जाणारी जाड वायर बघा. चिखल, पाणी आणि गंज याने तिचं टोक खराब होतं. वरून ती धडधाकट दिसते, पण सेल्फला लागणारा शेकडो अँपिअरचा करंट तिच्यातून जात नाही.

तपासणी सोपी आहे. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला, दुसरं इंजिनच्या स्वच्छ, उघड्या लोखंडाला लावा. आता सेल्फ मारा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंग खराब. असंच बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीपासून सेल्फच्या मोठ्या नटापर्यंत मोजा. तिथेही तोच हिशोब.

उपाय म्हणजे वायर सोडून टोक आणि नटाखालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. टर्मिनलवर चढलेली पांढरी-हिरवी बुरशी खाण्याचा सोडा आणि गरम पाण्याने जाते. हे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. वायर सोडताना नेहमी निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी.

हीटर प्लग: दिवा विझला म्हणजे तापला असं नाही

डॅशबोर्डवरचा वेटोळ्याचा दिवा काही सेकंदांनी विझतो. पुष्कळ जुन्या गाड्यांत तो फक्त टायमरवर चालतो. चारही प्लग जळलेले असले तरी तो नेहमीसारखाच लागेल आणि विझेल. काही जुन्या इंजिनांत हे प्लग नसतातच, म्हणून आधी ते आहेत का बघा.

पहिलं काम, करंट येतो का ते बघा. टेस्ट लॅम्पची क्लिप इंजिनच्या लोखंडाला लावा, टोक प्लगांच्या पट्टीला टेकवा आणि चावी हीटरवर फिरवा. लॅम्प लागला नाही तर दोष फ्यूज, रिले किंवा वायरमध्ये आहे.

करंट येत असेल तर चावी बंद करून पट्टी सोडा आणि एकेक प्लग मीटरच्या ओहमवर मोजा. एक टोक प्लगच्या वरच्या टोकाला, दुसरं इंजिनला. थंड असताना चांगला प्लग साधारण 2 ओहमच्या आत दाखवतो. मीटरवर काहीच आलं नाही तर प्लग जळालाय. नवीन घेताना जुना दुकानात सोबत न्या, कारण सगळे प्लग एका व्होल्टचे नसतात. थेट बॅटरीला लावून प्लग तापवून बघू नका. कमी व्होल्टचा असेल तर लगेच जळतो.

रोज सकाळीच बॅटरी बसते?

मग दोन शक्यता. एक, चार्जिंग होत नाही. इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.8 ते 14.5 व्होल्ट हवेत. 13 च्या खाली असेल तर आधी बेल्ट सैल आहे का बघा, मग अल्टरनेटर दाखवा.

दुसरी, रात्रभर करंट कुठेतरी गळतो. नंतर बसवलेला टेप, जादा लाइट, हॉर्न, जीपीएस यांच्या वायरी आधी संशयाच्या. सगळं बंद करून, दारं लावून, निगेटिव्ह वायर सोडा आणि मीटर 10 अँपिअरवर ठेवून मध्ये जोडा. आकडा 0.05 च्या आसपास किंवा कमी हवा. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढा; ज्या फ्यूजला आकडा पडेल, त्याच लाइनला गळती. मीटर जोडलेला असताना चावी अजिबात फिरवू नका, मीटर जळेल.

अडचणीत हे नक्की टाळा

• इंजिनखाली शेकोटी किंवा स्टोव्ह ठेवू नका. डिझेलचा थेंब, ऑइलचा थर आणि वायरीचं रबर पेटायला वेळ लागत नाही.

• हीटर प्लग असलेल्या इंजिनात हवेच्या पाइपमधून पेट्रोल किंवा स्टार्टिंग स्प्रे मारू नका. तापलेल्या प्लगवर स्फोट होऊन पिस्टन फुटू शकतो.

• बॅटरीजवळ बिडी, काडी नको. चार्जिंगवेळी तिच्यातून पेट घेणारा गॅस निघतो.

• 12 व्होल्टच्या गाडीला ट्रकच्या 24 व्होल्टवरून करंट देऊ नका. दुसऱ्या 12 व्होल्टच्या गाडीवरून देताना पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह जोडा. काळ्या वायरीचं शेवटचं टोक बंद पडलेल्या गाडीच्या इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब लावा.

• सेल्फ एका वेळी 10 सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा. नाहीतर चांगला सेल्फही जळतो.

पंपावर विजेचा सोलेनॉइड असलेली गाडी बॅटरी पूर्ण मेलेली असताना धक्क्यानेही सुरू होत नाही, हेही लक्षात असू द्या. ज्या गाडीवर घरातलं आजारपण आणि रोजचा माल अवलंबून आहे, तिची बॅटरी, अर्थिंग आणि हीटर प्लग दिवाळीनंतर एकदा तपासून घ्यावेत. तासाभराचं काम आहे, आणि ते दिवसाउजेडी केलेलं बरं.