जळाऊ लाकूड, नॉर्वेतील

हिवाळ्यात घर उबदार ठेवण्यासाठी ओतीव लोखंडाच्या शेगडीत जाळण्याचे लाकूड. नॉर्वेत बर्चला सर्वाधिक पसंती आहे. हिमालयातील भूर्जाचा हा भाऊबंद वजनदार असतो, सरळ फुटतो आणि त्याची तेलकट साल दमट असली तरी पेटते. कोरडे लाकूड कोणतेही असो, किलोमागे उष्णता जवळपास सारखीच मिळते; फरक असतो तो घनतेचा. त्यामुळे ओक, बीच यांचे निखारे बराच वेळ टिकतात, तर स्प्रूस भडकून लवकर संपतो. आग पेटवायला मात्र तोच बरा.

खरे तर जातीपेक्षा कोरडेपणाला महत्त्व अधिक. ताज्या तोडीच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. त्याची वाफ होण्यातच उष्णता खर्ची पडते, धूर वाढतो आणि धुराड्यात डांबरासारखा थर साचून तो पेटण्याचा धोका संभवतो. म्हणून हिवाळा सरताना झाडे तोडून, ओंडके फोडून, वारा खेळेल अशा थप्प्या रचतात. दोन फोडी एकमेकींवर आपटल्यावर खणखणीत आवाज आला तर लाकूड सुकले, बद्द आला तर ओले. ओलावा २० टक्क्यांच्या खाली असावा. रंगवलेले वा रसायन लावलेले लाकूड घरात मुळीच जाळू नये.