प्रवाळांवरील कृत्रिम छाया

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यालगत सुमारें २,३०० किलोमीटर पसरलेली प्रवाळभिंत ही सूक्ष्म जीवांची वास्तुरचना होय. पाणी फाजील तापलें कीं हे जीव आपल्या अंगांतील अन्नदात्या शैवालाला बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. १९९८ पासून ही आपत्ति वारंवार आली; २०१६ व २०१७ सालीं तर लागोपाठ.

समुद्रावरील ढग खाऱ्या तुषारांनीं अधिक शुभ्र करून ऊन परतवावें, ही कल्पना १९९० सालीं जॉन लॅथम यांनीं मांडली. पुढल्याच वर्षीं पिनातुबो ज्वालामुखीच्या गंधकयुक्त उद्रेकानें ऊन अडून पृथ्वीचें उष्णमान सुमारें अर्धा अंश उतरलें. मार्च २०२० मध्यें डॅनियल हॅरिसन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तुषारांचा लहानसा प्रयोग याच प्रवाळभिंतीवर केला.

लाभ उघड आहे: उन्हाळ्याचे कठीण आठवडे निभावले तर प्रवाळ जगतील. परंतु मोलहि थोडें नाहीं. हवेंतील कर्बवायु समुद्रांत मुरून प्रवाळांच्या चुनखडी सांगाड्याची वाढ खुंटते. छायेनें तें थांबत नाहीं. योजना विस्तारली तर दूरच्या पर्जन्यांत फरक पडण्याची भीति, आणि ती अकस्मात् थांबली तर दबलेली उष्णता उसळण्याचें संकट.

तापकऱ्याच्या कपाळावर मिठाच्या पाण्याची घडी अवश्य ठेवावी. मात्र तेवढ्यावर विसंबून मूळ रोगाचें औषध बंद करूं नये.