बून

बून (इंग्रजी नाम) : वरदान, अडचण दूर करणारी, मोठी सोय करून देणारी गोष्ट. कोरडवाहू गावाला कालवा किंवा अधू दृष्टीच्या माणसाला चष्मा ‘बून’ ठरतो. आज हा शब्द न मागता पदरात पडलेल्या लाभालाही लागतो; मुळात मात्र तो मागण्याचाच शब्द आहे.

जुन्या नॉर्स भाषेत ‘बोन’ म्हणजे विनवणी, प्रार्थना. 9व्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांबरोबर त्यांचे अनेक शब्द इंग्रजीत मिसळले, त्यांतलाच हा एक. लिखित इंग्रजीत तो 12व्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतो. डॅनिश आणि स्वीडिश भाषांत याच मुळाचा शब्द आजही प्रार्थनेसाठीच वापरतात. इंग्रजीत मात्र अर्थ सरकत गेला : आधी विनवणी, मग विनवून मागितलेली वस्तू, पुढे कृपा, आणि 18व्या शतकापर्यंत नुसता लाभ.

या प्रवासातला सर्वांत बोलका टप्पा मध्ययुगीन जमीनदारीचा आहे. सरंजामदाराच्या खासगी शेतावर कुळांना ठरलेली कामे करावी लागतच. त्याशिवाय सुगीत जादा दिवस भरावे लागत, त्यांना ‘बून-वर्क’ म्हणत. लॅटिन दप्तरात त्याची नोंद ‘प्रेकारिया’, म्हणजे विनंतीचे काम, अशी होई. विनंती नावापुरतीच; धन्याला नाही म्हणण्याची कुळाची प्राज्ञा नव्हती. त्यातून स्वतःचे पीकही त्याच दिवसांत कापणीला आलेले असे. मोबदला जेवणाचा. भाकरी किती, हेरिंग मासे किती, हे हक्कनोंदींत लिहून ठेवलेले आढळते. जेवणाबरोबर बिअर मिळणारी कापणी वेगळी आणि नुसत्या पाण्यावर भागवायची वेगळी. दोन्हींना स्वतंत्र नावे होती. आपल्याकडची इर्जिक आणि वेठ यांच्या मधे कुठेतरी हा प्रकार बसतो, बहुधा वेठीच्या अंमळ जवळ. 1348-49च्या प्लेगनंतर मजूर दुर्मीळ झाले आणि पुढच्या शे-दीडशे वर्षांत अशा सेवांची जागा खंड व रोख मजुरीने घेतली. उत्तरेकडील कंबरलंड भागात मात्र ‘बून’ला चांगले दिवस आले : नव्याने शेत घेतलेल्याकडे शेजारी आपापले नांगर घेऊन जात आणि एका दिवसात रान नांगरून देत. ही खरी इर्जिक.

‘बून कम्पॅनियन’ म्हणजे जिवलग, मौजेतला सोबती. यातला ‘बून’ वेगळा. तो फ्रेंच ‘बाँ’ (चांगला) या विशेषणापासून आला आहे. उच्चार एकच पडल्याने मूळ नामाच्या अर्थालाही थोडी गोडी चढली असावी.

भारतात हा शब्द रुळला तो ‘वर’ या संस्कृत शब्दाचा प्रतिशब्द म्हणून. किसारी मोहन गांगुली यांच्या महाभारताच्या इंग्रजी अनुवादात (1883-96) तो पदोपदी भेटतो. कैकेयीचे दोन वर आणि नचिकेताचे तीन वर इंग्रजीत ‘बून’च होतात. निवड चपखल आहे, कारण तेही मागूनच घेतलेले. शाळेतल्या ‘विज्ञान : शाप की वरदान’ या निबंधाच्या इंग्रजी मथळ्यातही हाच शब्द असतो.

प्रेमकादंबऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या ‘मिल्स अँड बून’ (स्थापना 1908, लंडन) या प्रकाशनसंस्थेच्या नावाशी या शब्दाचा संबंध जोडू नये. ते संस्थापक जेराल्ड मिल्स आणि चार्ल्स बून यांच्या आडनावांवरून आले आहे.