जळाऊ लाकूड पावसाआधी कसं वाळवायचं?

हेमलकसा : पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद. तेव्हा चुलीला कोरडं लाकूडच कामी येतं. कूपतोडीनंतर उरलेले फाटे ओले असतात, वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच. वनरक्षकाला विचारून ते उन्हाळ्यातच आणावेत. जाड फाटा अख्खा ठेवला तर आतून वाळतच नाही, म्हणून हातभर तुकडे करून फोडावेत. खाली दोन ओंडके टाकून रास रचावी, नाहीतर उधई लागते. ताडपत्री फक्त वरून. चारही बाजू झाकल्या की बुरशी धरते. रास भिंतीला टेकवू नये, मण्यार तिथंच दडते. टोकांना भेगा पडल्या, आपटल्यावर टणटण वाजलं, म्हणजे वाळलं.