गळ आणि चूल यांच्यामध्ये

बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२५ साली श्रीगोंदेकरांनी संपादिलेल्या ‘मानसोल्लासा’चा पहिला खंड प्रसिद्ध झाला. कल्याणीचा चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. गळ, दोरी व काठी कशी असावी, कोणत्या माशास कोणते आमिष रुचते, हे तेथे बारकाईने सांगितले आहे. मासे रांधण्याच्या कृतीही याच ग्रंथात सापडतात.

गळ आणि चूल यांच्यामध्ये मात्र माशाचा मृत्यू असतो. सम्राट अशोकाने पाचव्या स्तंभलेखात ठरावीक तिथींना मासे मारण्यास व विकण्यास मनाई केली. ती आज्ञा केव्हा मारू नये याची होती. मारावयाचेच तर कसे, हा प्रश्न निराळा.

१९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात ‘प्राणी’ म्हणजे मनुष्येतर कोणताही सजीव. म्हणजे मासाही त्यात आला. अन्नासाठी केलेली हत्या तेथे गुन्हा ठरत नाही. मात्र तीत अनावश्यक यातना नसाव्यात. माशाला वेदना कसली, ही समजूतही २००३ मध्ये डळमळली. त्या वर्षी ब्रिटनमधील संशोधकांना ट्राउट माशाच्या डोक्यात वेदनाग्राही मज्जातंतू आढळले.

म्हणून हौसेने गळ टाकणाऱ्याने, खाण्यासाठी ठेवावयाचा मासा काठावर तडफडत टाकू नये. डोळ्यांच्या किंचित मागे, मस्तकावर जड दांडक्याचा एकच नेमका घाव घालून त्याची शुद्ध हरपवावी आणि लगेच कल्ल्यांतील रक्तवाहिन्या कापाव्यात. तडफड टळल्याने मांसही अधिक काळ ताजे राहते. आमिषाची इतकी पारख करणाऱ्या विनोदाला एवढी दया जड नसावी.