घरसामान व वाहने, शुल्कमुक्त आयात (युरोपीय संघ)

युरोपीय संघाबाहेरील बिऱ्हाड संघातील देशात हलवणाऱ्या व्यक्तीला घरसामान सीमाशुल्क न भरता आणता येते. १ जानेवारी २०१० पासून लागू असलेला विनियम ११८६/२००९ हा त्याचा आधार. अर्जदार सलग किमान १२ महिने संघाबाहेर राहिलेला असावा. खरी कसोटी वापराची आहे: वस्तू आधीच्या घरी किमान सहा महिने वापरलेली हवी. त्यामुळे निघताना घेतलेला कोरा फ्रीज सवलतीत बसत नाही. पाळीव प्राणी, सायकल, खासगी मोटार, फिरते घर, इतकेच काय खासगी विमानही चालते. मद्य, तंबाखू व व्यावसायिक वाहने वगळली आहेत. वास्तव्य सुरू झाल्यापासून १२ महिन्यांत सामान टप्प्याटप्प्याने आणता येते. त्यानंतर वर्षभर ते पूर्वसूचनेशिवाय विकणे, भाड्याने वा तारण देणे शुल्काला निमंत्रण ठरते.

विवाहानिमित्त येणाऱ्यांसाठीची तरतूद अधिक उदार आहे. रुखवत व संसारोपयोगी वस्तू नव्या असल्या तरी चालतात. भेटवस्तूंना मात्र प्रत्येकी १,००० युरोंची सामान्य मर्यादा आहे.

मोटारीबाबत सावधगिरी हवी. शुल्कमाफी म्हणजे नोंदणी नव्हे. प्रदूषण व सुरक्षेची मानके पूर्ण करणारी तांत्रिक मान्यता वेगळी मिळवावी लागते.